पेणच्या पुढं दोन तळ

पत्रिका शिरूरच्या छापखान्यातून आल्या त्या दिवशी कुशाबाईनं घर डोक्यावर घेतलं. तसं तिला घर डोक्यावर घ्यायला मोठं निमित्त लागत नसे. चहा गार झाला, शेजारणीची कोंबडी ओसरीवर चढली, टीव्हीतली बाई उगाच रडायला लागली, काहीही चालायचं. पण त्या दिवशीची गोष्ट निराळी होती.

लग्न होतं तिच्या नातीचं, पूनमचं. दोन हजार दोन साल, वैशाखातली तिथी. नवरामुलगा रांजणगावच्या कंपनीत कामाला, राहायला कारेगावात, स्वभावानं गरीब. सगळं जमून आलं होतं. पूनमचं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं, म्हणून स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. ती ओसरीवर मांडी घालून बसली होती. बाप हनुमंत एकेक नाव सांगत होता आणि आई म्हाळसा आतून चुकलेली नावं ओरडून सांगत होती.

"पहिली अक्षत देवीला, येमाईला," हनुमंत म्हणाला. "दुसरी मामाला घाल. पाबळच्या."

"दुसरी ठमाबाईला," कुशाबाई म्हणाली.

त्यांच्या गावात, कवठ्यात, ठमाबाई नावाची कोणी नव्हती. पाहुण्यारावळ्यांतही नव्हती. हनुमंतानं आईकडं पाहिलं.

"कोण ठमाबाई?"

"हाय एक."

"कुठल्या गावची?"

"समुद्राकडची."

पूनमला हसू आलं. "आजे, समुद्राला पिनकोड नसतो. गावाचं नाव सांग."

"नाव मला काय ठावं! आमी ठमाबाईचा तळ म्हणायचो."

आता हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण खरं होतं. कुशाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तीस वर्षं दर हिवाळ्यात त्या गावाला गेली होती. दिवाळी झाली की वाड्यातली, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या धनगरांच्या तांड्यातली, सगळी बिऱ्हाडं घोड्यांवर लादायची, मेंढरं पुढं घालायची आणि घाट उतरून खाली कोकणात जायचं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची, लेंडीमुताचं खत शेताला मिळायचं, त्याच्या बदल्यात शेतवाला भात द्यायचा. तीस वर्षं. आणि त्या गावाचं नाव तिनं एकदाही विचारलं नव्हतं. धनगराच्या वाड्यात तसं कोणीच विचारत नसे. मुक्कामाच्या जागेला वाडा आपलंच नाव ठेवायचा. गोड्या विहिरीचा तळ, भुंड्या माडाचा तळ, जिथं घोडी मेली तो घोडीचा तळ. सरकारनं त्या गावांना काय नावं दिली होती ते सरकारपाशी. वाड्याचं काही अडत नव्हतं. अडलं ते आत्ता, पत्रिकेवर पत्ता घालायच्या वेळी.

"आये," हनुमंत समजुतीच्या सुरात म्हणाला, "बारा वर्षं झाली मेंढरं इकून. तिथली माणसं कोण, आपण कोण. एवढ्या लांब एका बाईला अक्षत द्यायची म्हंजी..."

"तू तिचं दूध प्यालायस," कुशाबाई म्हणाली.

म्हाळसा आतून बाहेर आली, हात पिठाचे तसेच.

मग कुशाबाईनं सांगितलं. बेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिनं अगदी थोडक्यात सांगितली, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. हनुमंत त्या तळावर जन्मला, ठमाबाईच्या शेतात, वाघरीच्या शेजारी. मेंढरं जिच्या आत कोंडतात त्या दोराच्या जाळीला वाघर म्हणतात, एवढं पूनमलाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी कुशाबाईला ताप भरला. दूध आटलं. वाड्याला तर थांबता येईना, चारा संपला की मेंढरं हलवावीच लागतात. ठमाबाईनं हनुमंताच्या बापाला, रखमाजीला सांगितलं, तुम्ही जा पुढं, ही राहू दे माझ्याकडं. तिची स्वतःची पोर तीन महिन्यांची होती. एका अंगाला ती आणि एका अंगाला हनुमंत, असे दीड महिना तिनं दोघं पाजले.

"तुझ्या आजीनं शपथ घातली व्हती. दुसऱ्या जातीचं दूध प्यालं पोर म्हणून वाड्यात बोलायचं न्हाई. म्हणून बोलले न्हाई. म्हातारी गेली, तुझा बाप गेला. आता मला कोण अडवणार हाय?"

हनुमंताला तर तो मुलूख आठवतही नव्हता. सहाव्या वर्षी त्याला शाळेसाठी चुलत्याकडं कवठ्यातच ठेवलं होतं, आणि नंतर वाडा समुद्राकडं जायचा तेव्हा तो पाढे म्हणत बसायचा. आई चार-पाच महिने नसायची. एवढंच त्याला त्या गावाबद्दल माहीत होतं, की ते आपल्या आईला घेऊन जातं. लहानपणी त्याला त्या गावाचा फार राग होता.

"आन् ऐक," कुशाबाई म्हणाली, "मागल्या खेपेला निघताना मी तिला म्हणलं, दिवाळी झाली की येते. भादव्यात तुम्ही चाकणच्या बाजारात मेंढरं इकली. कालव्याला पाणी आलं, आता बागाईत करायचं म्हणालात. चांगलं झालं, मी कुठं न्हाई म्हणते? पन तिला सांगायचं ऱ्हायलं. तुझा बाप दर वर्षाला म्हणायचा, पुढल्या साली जाऊन येऊ. ती अक्षत तिच्या हातात पडल्याबिगर मी मांडवात पाय ठेवायची न्हाई. तुझं तू बघ."

कुशाबाई बोलल्याप्रमाणे वागते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्या दिराच्या लग्नात ती खरंच मांडवात गेली नव्हती, आणि त्याला कारण तर नुसता नारळ होता.

दुसऱ्या दिवशी हनुमंत तिला घेऊन गेणबाकडं गेला. वाड्यातल्या जुन्या माणसांपैकी तो एकटाच उरला होता. हनुमंताला वाटलं होतं, बाप्या माणूस, याला तरी गावाचं नाव ठाऊक असेल. गेणबानं बराच वेळ डोळे मिटले.

"पेणचा बाजार ठावं हाय ना? पेणच्या पुढं दोन तळ. खाडी डाव्या हाताला ठेवायची."

"दोन तळ म्हंजी किती किलोमीटर, मामा?"

"मेंढरांच्या चालीनं का घोड्याच्या?"

हनुमंतानं कपाळावर हात मारला. पण निदान पेण हाती लागलं होतं, आणि पेण नावाचा ठिपका पूनमच्या नकाशात होता. तिनं बोट ठेवून दाखवला. ठिपक्याच्या पुढं निळा रंग होता आणि निळ्याच्या कडेला कुठलंच नाव नव्हतं.

मायलेक पहाटेच्या गाडीनं निघाले. पुण्याला उतरून अलिबागची गाडी धरली. कुशाबाईनं कमरेच्या पिशवीत हळदीच्या अक्षता पुरचुंडीत बांधून घेतल्या होत्या, पत्रिका पदराखाली धरली होती. पत्रिकेवर पूनमनं 'सौ. ठमाबाई' एवढंच घालून पुढची ओळ रिकामी सोडली होती. सौ. घालावं की नको यावरही वाद झाला होता. शेवटी कुशाबाई म्हणाली, मी सोडून आले तवा नवरा धडधाकट व्हता, सौभाग्यवतीच लिव्ह.

गाडी घाट उतरायला लागली तशी कुशाबाई अस्वस्थ झाली. ती खिडकीतून सारखी मागं वळून बघत होती.

"काय झालं? मळमळतंय का?"

"काहीच वळखू येईना रं," ती म्हणाली. "तीस वर्षं उतरले मी हा घाट. ह्यातलं एक झाड ठावं न्हाई मला."

तिचा घाट वेगळाच होता. तो पायांखालचा होता. कुठल्या दगडावर घोडी घसरते, कुठं बसून दम खायचा, कुठल्या झऱ्यावर हंडा भरायचा, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. खिडकीतून भराभर मागं पळणाऱ्या डोंगरांशी तिची ओळखच नव्हती. हनुमंताला तिची दया आली आणि थोडी भीतीही वाटली. आईला घेऊन आपण इतक्या लांब निघालो आहोत आणि कुठं जायचं ते दोघांनाही माहीत नाही, हे त्याच्या आत्ता नीट ध्यानात आलं.

पेणला उतरल्यावर मिनीडोर रिक्षावाले मागं लागले. कुठं जायचं, मावशी? कुशाबाईनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं नेसण वर खोचली आणि चालायला लागली.

"आये, ऊन काय पडलंय! रिक्षा करू."

"गाडीतनं गाव सापडत न्हाई. तुला बसायचं तर तू बस."

बेचाळीस वर्षांचा हनुमंत, सोसायटीचा संचालक, पायात नवे कडक बूट. तो आईच्या मागं निघाला. कोकणातला उकाडा त्याला नवा होता. अर्ध्या तासात त्याचा सदरा पाठीला चिकटला. कुशाबाई मात्र दर पावलाला तरुण होत चालली होती. पायांना वाट आठवत होती म्हणायची.

तिची युक्ती तिला ठाऊक होती. वाड्यात बापे लोक पुढं जाऊन रान बघायचे आणि बायका मागून बिऱ्हाड घेऊन यायच्या. बायकांचं पहिलं काम पाणी. खाऱ्या मुलखात गोडं पाणी शोधणं सोपं नसतं. पहिल्या तळाचं पाणी मचूळ, तोंडात धरलं की जिभेवर मीठ राहायचं. ठमाबाईच्या विहिरीचं पाणी गोड, मागून किंचित तुरट, विहिरीवर जांभळाचं झाड होतं म्हणून. ते पाणी ती कुठंही ओळखली असती. म्हणून लागेल त्या वस्तीवर ती थांबायची आणि म्हणायची, बाई, घोटभर पाणी दे.

पहिल्या वस्तीवर पाणी प्याली आणि तिनं मान हलवली. "ह्यो तळ न्हाई."

दुसऱ्या वस्तीवर प्याली. तिथं तिच्या कपाळाला आठी पडली.

तिसऱ्या वस्तीवर तिनं एक तांब्या प्याला, मग परत मागितला, आणि तो हळूहळू प्याली. मग पाणी देणाऱ्या सुनेला विचारलं, "हे कुठल्या हिरीचं गं?"

"विहिरीचं कुठलं, आजी. नळाचं. धरणावरनं लाईन आलीय. सगळ्या गावांना हेच पाणी."

कुशाबाई तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. विहिरी बुजवल्या होत्या, कुठं झाकण टाकलं होतं. चव गेली होती. तिच्याजवळची एकुलती एक खूण सरकारनं नळातून काढून घेतली होती, आणि नळ आला हे वाईट झालं असंही म्हणता येत नव्हतं, कारण तिनं स्वतः त्या खाऱ्या मुलखात बायकांना दोन-दोन कोस हंडे वाहताना पाहिलं होतं.

ती रस्त्याच्या कडेला बसली. डाव्या हाताला खाडी होती, पण गेणबानं सांगितल्यापेक्षा खूप जवळ आली होती. जिथं शेतं असायला हवी होती तिथं तिवरांची झुडपं आणि काळा चिखल दिसत होता.

"हणमा," ती म्हणाली, "मी चुकले रं."

हनुमंतानं आईला असं कधी बघितलं नव्हतं. तिचा आवाज कायम वरच्या पट्टीतला, गावाच्या वेशीवर ऐकू जाणारा. आत्ता ती हळू बोलत होती. त्याला एकदम वाटलं, लहानपणी आपण ज्या गावाचा राग करत होतो ते गाव आणि आपली आई दोन्ही आपल्यासमोरून निघून चालली आहेत. परत जाऊ असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. रस्त्याच्या पलीकडं एक माणूस झाडाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. हनुमंत त्याच्याकडं गेला.

"पाव्हणं, इथं ठमाबाई कोण हाय का? म्हातारी असंल आता."

"कुठली ठमाबाय? ह्या बाजूला गावागावांत ठमाबाय हाय."

"गावाचं नाव ठावं न्हाई. आमची मेंढरं बसायची तिच्या शेतात. आमी घाटावरचे. धनगर."

त्या माणसाचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा हनुमंताकडं आणि मग रस्त्यापलीकडं बसलेल्या म्हातारीकडं पाहिलं.

"धनगरणीच्या कोपऱ्यावाली ठमाबाय?"

"काय म्हणालात?"

"शेताचं नावच हाय तसं. धनगरणीचा कोपरा. आमच्या लहानपणापासून हाय. तो काय, पुढच्या वळणावर घर तिचं."

कुशाबाईनं हे ऐकलं. ती उठली, आणि हनुमंताला पुढची वाट दाखवायची वेळ आलीच नाही, कारण ती त्याच्या पुढं चालत होती.

ठमाबाई अंगणात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत बसली होती. वाळून बारीक झाली होती, पण नाकातली मोरणी तीच. कपाळ मात्र मोकळं होतं. पत्रिकेवरचं सौ. चुकलं होतं. कुशाबाई फाटकात थांबली. तिला वाटलं होतं, बघितल्याबरोबर ठमी धावत येईल. ठमाबाईनं एकदा वर पाहिलं, नीट पाहिलं, ओळखलं, आणि परत कावळ्यांकडं तोंड केलं.

"सूनबाय," तिनं आत हाक मारली, "कोणतरी आलंय. पाणी दे."

"ठमे, मी कुशा."

"ठावं हाय मना."

कुशाबाईनं पिशवीतून पुरचुंडी काढली. "नातीचं लगीन हाय. अक्षत घेऊन आले. देवाच्या मागून पैली तुझी."

"नको मना तुजी अक्षत. भावाला दे, भैनीला दे. मी कोण?"

हनुमंत बाजूला उभा होता, त्याला कुठं बघावं कळेना. सुनेनं पाणी आणलं, घोंगडी टाकली, आणि ही काय भानगड म्हणून दारात उभी राहिली. ठमाबाई कावळ्यांशी बोलावं तशी बोलायला लागली.

"दिवाली झाली का येते म्हनलीस. मी कोपरा मोकला ठेवला. दुसरे धनगर आले, ते म्हनले आमी बसवतो मेंढरं. मी म्हनलं, नाय, ही जागा दिलेली हाय. दुसरे साली परत आले. मी म्हनलं, नाय. नवरा भांडला माज्याशी. शेत सुकलं, भात निम्मं झालं, तरी मी म्हनलं, कुशी येल. आठ वर्सं, कुशे. आठ वर्सं मी त्या कोपऱ्यात कोनाची लेंडी पडू दिली नाय. लोक हसाय लागले. धनगरणीचा कोपरा म्हनून तर गाव त्याला आदीपासून वलखायचा, पन मंग हसून घेव लागला ते नाव. मंग उधानात बांध फुटला नि समिंदर आत आला. सगलं खारं झालं. मी म्हनलं बरं झालं. आता वाट तरी नको बघाला."

कुशाबाईनं कारणं आठवून पाहिली. मेंढरं विकली हे कारण होतं, कालवा हे कारण होतं, नवरा टाळत राहिला हेही कारण होतं, पण यातलं एकही कारण त्या अंगणात मांडायच्या लायकीचं नव्हतं. आणि गावाचं नाव माहीत नव्हतं म्हणून पत्र टाकता आलं नाही, हे तर सांगायचीच लाज होती. तीस वर्षं जिच्या चुलीवर भात खाल्ला तिचं गाव कुठलं हे आपण विचारलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कवठ्यातल्या कोणी हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. हनुमंतानं तर नाहीच.

ठमाबाई काठी घेऊन उठली.

"चल," ती म्हणाली. "बघून घे काय झालंय ते."

तिघं घरामागच्या उरलेल्या बांधावर गेली. ओहोटी होती. पुढं लांबवर काळा चिखल चकाकत होता, मध्ये मध्ये तिवरं, त्यांच्या पलीकडं खाडीचं पाणी. शेताचे बांध चिखलातून कुठं कुठं वर आलेले दिसत होते, पाण्यात बुडालेल्या माणसाच्या बरगड्यांसारखे.

"तो कोपरा," ठमाबाईनं काठी उचलून दाखवली. "तितं वाघर लावायचा तुजा नवरा."

"तिथं कुठं? वाघर ह्या अंगाला असायची. खारा वारा पाठीवर घ्यायला."

"तुला काय सांगते! ह्या अंगाला घोडी बांधलेली."

"घोडी ताडाला बांधलेली. ताड कुठं हाय?"

"ताड पडला. तिवराच्या पलीकडं होता तो."

"पलीकडं कशाला आसंल? मी बाळंत झाले तवा ताडाची सावली अंगावर आलती. म्हंजी ताड..." कुशाबाईनं उन्हाकडं पाहिलं, वळली, बोट दाखवलं. "तिथं. आन् मी तिथं."

"तितं नाय. नाल मी कापली, मी सांगते. तू तिकडं होतीस, वाघरीच्या खुंट्याला धरून."

आता दोघींचा आवाज चढला होता. दोघीही मूळच्या भांडखोर, आणि बारा वर्षांचं भांडण साचलेलं. एक म्हणे दहा पावलं इकडं, दुसरी म्हणे तू तापात होतीस, तुला काय कळतंय. हनुमंत दोघींच्या मध्ये उभा राहून ऐकत होता. आपण कुठं जन्मलो यावरून दोन म्हाताऱ्या भांडताहेत, आणि ती जागा आता समुद्रात आहे. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ कवठे येमाई असं लिहिलेलं होतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा चुलत्यानं तेच सांगितलं होतं.

तो खाली वाकला आणि त्यानं बूट काढले. मोजे काढले, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली.

"अरं, कुठं चाललास?" कुशाबाई ओरडली.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

तो बांधावरून चिखलात उतरला. पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत आत गेला. चिखल वरून ऊन आणि आत गार होता. खेकडे बिळांत पळाले. तो पाय उपसत, पडत सावरत पुढं गेला.

"उजवीकडं!" ठमाबाई ओरडली.

"डावीकडं, रं! तिचं ऐकू नगं!"

"मागं ये, मागं! तितं विहिरीची वाट होती!"

"आता पुढं. आजून. आजून एक."

हनुमंत गावच्या सोसायटीत कोणाचं ऐकून घेत नसे. इथं तो उजवीकडं म्हटलं की उजवीकडं जात होता, डावीकडं म्हटलं की डावीकडं. घोट्यात तिवराची मुळं टोचत होती. बांधावर सून आली, जाळं शिवणारा माणूस आला, आणखी दोघं-तिघं जमली. बांधावरून दोन्ही म्हाताऱ्या हातवारे करत होत्या. हळूहळू त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. दहा पावलांवरून पाच पावलांवर आलं, पाचावरून दोनावर. मग तो एका जागी थांबला, आणि दोघी एकदम ओरडल्या.

"बस! तितंच!"

"हां, थांब, तिथंच!"

हनुमंत थांबला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. तिथं काहीही नव्हतं, नुसता चिखल आणि पाण्याचा एक पातळ थर. तो थर त्याच्या पोटरीवरून वर सरकत होता. त्याला काय वाटत होतं ते त्याला सांगता आलं नसतं. एवढंच, की त्याला तिथून हलावंसं वाटेना.

बांधावर कुशाबाई रडत होती. ठमाबाईनं तिच्याकडं न बघता लुगड्याचा पदर पुढं केला.

"आन. टाक तुजी अक्षत."

कुशाबाईच्या हातून पुरचुंडीची गाठ सुटेना. ठमाबाईनंच ती दातांनी सोडली, पिवळे तांदूळ पदरात घेतले आणि पदराला गाठ मारून कमरेला खोचली. मग तिनं हाताचा कर्णा करून हाक मारली.

"ये रं बाला! भरती लागली, ये आता!"

हनुमंत बांधावर चढला तेव्हा मांडीपर्यंत काळा झाला होता. मिशा पिकायला लागलेला, पोरीचं लग्न काढलेला बाप. ठमाबाईनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. त्यानं वाकून तिच्या पायांवर चिखलाचे हात ठेवले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"भूक लागली असंल तुला," ती म्हणाली. "जेवलास का?"

"न्हाई," हनुमंत म्हणाला, आणि त्याला रडू आलं.